फक्त संशोधनासाठी

सुलभाताईंनी फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात वर केला आणि त्यांच्या ब्लाउजची बाही मागे सरकली. दंडावर चार बोटं उमटली होती. निळी-जांभळी, एकमेकांना चिकटून. आतल्या बाजूला अंगठ्याएवढा एक काळपट गोल.

मी चहाचा कप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी डबा खाली घेतला, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि पदर दंडावर ओढून घेतला.

"ताई, हे काय?"

"कुठं काय? मला असंच होतं गं. जरा धक्का लागला की उमटतं."

बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान, दिगंबर लाटकर, पेपर वाचत बसले होते. पान उलटल्याचा आवाज आला. सुलभाताईंनी आवाज खाली आणून विचारलं, "पोह्यांत शेंगदाणे चालतात ना तुला?"

त्या रविवारी मी ते पोहे कसे खाल्ले मला आठवत नाही.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. मी सत्तावीस वर्षांची होते आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्धिनी बायोलॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीत नोकरीला होते. लाटकरही तिथेच. मी प्रथिनं शुद्ध करायच्या विभागात, ते पॅकिंगला. राहायला आम्ही समोरासमोर. त्यांनीच मला त्यांच्या इमारतीत दोन खोल्या बघून दिल्या होत्या. एकटी मुलगी, म्हणून दर रविवारी नाश्त्याला बोलवायचे. सुलभाताई नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. लाटकर अडतीस-एकोणचाळीसचे, बोलायला कमी, कामाला चोख. बायकोकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा ताण असायचा. तो ताण कसला, याचा अर्थ मी त्या रविवारी लावून टाकला.

पुढचे दोन आठवडे मी लक्ष ठेवून होते. एकदा पोटरीवर डाग दिसला, एकदा मनगटावर. शेवटी मी कंपनीत प्रशासन बघणाऱ्या बेडेकर बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं, की लाटकर घरी बायकोला मारतात, मी स्वतः वळ पाहिलेत.

बेडेकर बाईंनी लाटकरांना बोलावून घेतलं. दार पुरतं लावलेलं नव्हतं. बाहेर पॅकिंगची चार माणसं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं. लाटकर घरी गेले आणि तासाभरात एक जाडजूड फाइल घेऊन आले. ती त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली. सहा वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट होते.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ओरडतील असं वाटलं होतं. ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, तुमचं चुकलं नाही. बघणाऱ्याला तसंच वाटतं. तिच्या सख्ख्या भावालाही वाटलं होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "रिक्षातून उतरताना तोल गेला तिचा. मी दंड धरला. पडली असती तर रक्त थांबलं नसतं, म्हणून धरला."

सुलभाताईंचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारून टाकत होतं. तुमच्या-माझ्या रक्तात त्या दीड लाखाच्या वर असतात. त्यांच्या पंचवीस हजारांच्या आसपास. जखम झाली तर रक्त लवकर थांबत नसे, आणि नुसतं कुणी हाताला धरलं तरी कातडीखाली डाग पडत. स्टेरॉइड दिलं की आकडा चढायचा, पण चेहरा सुजायचा, हाडं दुखायची. बंद केलं की पुन्हा पंचवीस. तरी त्या शाळेत जात होत्या, स्वयंपाक करत होत्या, पायऱ्या जपून उतरत होत्या. सहा वर्षं अशी काढली होती त्यांनी.

मी दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी भांडायला गेलीस ना? एवढं तर कुणी केलं नव्हतं." ते ऐकून मला आणखीच शरम वाटली.

साधारण तीन आठवड्यांनी लाटकर माझ्या विभागात आले. हातात रिकाम्या कुप्यांचा ट्रे होता, पण तो त्यांनी बाजूला ठेवला.

"मॅडम, एकशे सतरा नंबरचं काम काय असतं हो?"

एकशे सतरा हे माझं प्रथिन होतं. म्हणजे कंपनीचंच, पण ते स्वच्छ करायची रीत मी बसवली होती. माणसाच्या शरीरात असं एक प्रथिन असतं, जे हाडांच्या आतल्या मगजाला प्लेटलेट्स बनवायचा निरोप देतं. त्याचा जनुक आम्ही बॅक्टेरियात घालायचो. बॅक्टेरिया ते प्रथिन भराभर बनवायचे, मग त्यांना फोडून, गाळून, निवडून मी ते वेगळं काढायची. शेवटी काचेच्या इवल्याशा कुपीच्या तळाशी पांढऱ्या पुडीचा एक पातळ थर उरायचा. देशभरातल्या प्रयोगशाळा तो मागवायच्या आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर वापरायच्या.

हे सगळं मी त्यांना उत्साहानं सांगितलं. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मला थांबता यायचं नाही.

"म्हणजे प्लेटलेट वाढवतं," लाटकर म्हणाले.

"बशीतल्या पेशींमध्ये."

"पण आहे माणसाचंच ना? लेबलवर तसं छापलंय. लेबलं मीच चिकटवतो."

ते कुठे चालले आहेत ते मला तेव्हा कळलं.

"त्या लेबलवर खाली आणखी एक ओळ आहे, लाटकर."

"आहे. फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये. दिवसातून दोनशे वेळा वाचतो मी ती."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं."

ते ट्रे उचलून निघून गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले. या वेळी ट्रे नव्हता. सुलभाताईंच्या पुण्याच्या डॉक्टरांनी प्लीहा काढायचं ऑपरेशन सुचवलं होतं. त्यानं गुण येईलच असं नाही, आणि ऑपरेशनमध्ये रक्त किती जाईल ते सांगता येत नाही, असं म्हणाले होते.

"तिला टेबलावर झोपवायची मला भीती वाटते, मॅडम. खरंच वाटते."

"मी डॉक्टर नाही, लाटकर."

"डॉक्टरांकडे औषध नाही. तुमच्याकडे आहे."

"हे औषध नाहीये!"

"तुम्ही तिच्यासाठी माझ्याविरुद्ध बोललात. चार माणसांत. मी काही म्हटलं का तुम्हाला? तिच्या बाजूनं उभं राहणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. म्हणून तुमच्याकडे आलो."

मी विचारलं, "सुलभाताई काय म्हणतात?"

"ती तयार आहे."

मी पुढे काही विचारलं नाही.

ते प्रथिन मी नेहमीपेक्षा तिप्पट काळजीनं स्वच्छ केलं. बॅक्टेरियाचा कचरा थोडा जरी उरला तरी माणसाला थंडी-ताप भरून तो दगावू शकतो, हे मला माहीत होतं. तो काढायच्या सगळ्या चाचण्या केल्या. इतकं शुद्ध एकशे सतरा त्याआधी त्या इमारतीत कुणी बनवलं नव्हतं. कुप्यांवर मी लेबल लावलं नाही. लाटकरांनी त्या जेवणाच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीखाली ठेवून घरी नेल्या. इंजेक्शन द्यायला ते त्यांच्या एका कंपाउंडर मित्राकडून शिकून आले होते.

मग मी वाट बघत बसले.

पहिल्या आठवड्यात आकडा एकतीस हजार झाला. दुसऱ्या आठवड्यात चौसष्ट. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी लाटकर माझ्या टेबलापाशी आले आणि रिपोर्टचा कागद समोर धरून उभे राहिले. एक लाख दहा हजार. मी कागद दोनदा वाचला. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो आनंदाचाच होता, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले.

त्या रविवारी सुलभाताईंनी अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला होता. हात स्वच्छ, गव्हाळ. त्यांनी माझ्या ताटलीत दुसऱ्यांदा शिरा वाढला आणि म्हणाल्या, "लागू पडलं बघ चारुता!"

"हो ना ताई," मी म्हटलं.

"शाळेची मागची भिंत रंगवायचीय म्हणून मुख्याध्यापक दोन वर्षं मागे लागलेत. मी शिडीवर चढणार आता."

आणि त्या चढल्या. मी बघायला गेले होते. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, चार हात उंच शिडीवर उभ्या राहून त्यांनी कासच्या पठारावरची फुलं काढली. खाली मुलं रंगाचे डबे धरून उभी होती. एका पायरीवर त्यांचा पाय घसरला, गुडघा भिंतीला आपटला. त्यांनी साडी किंचित वर करून गुडघा पाहिला, मला हाक मारून दाखवला. काही नाही. नुसता पांढरा ओरखडा. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

तिसऱ्या महिन्यात दुसरा डोस दिला. आकडा चढला, पण ऐंशीच्या वर गेला नाही. पाचव्या महिन्यात तो चाळीसवर आला. लाटकर घाबरले.

"कमी पडतंय, मॅडम. जास्त द्यायला हवं."

मलाही तसंच वाटलं. मी पुढची खेप बनवली आणि प्रमाण वाढवलं. इथे थांबायला हवं होतं. आकडा खाली का येतोय, एवढा साधा प्रश्न माझ्यासारखीला पडायला हवा होता. पडला नाही, की मी पडू दिला नाही, हे आता सांगता येणार नाही.

तिसऱ्या खेपेनंतर दहाच दिवसांत त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग नाकातून. एका दुपारी शाळेत फळ्यापाशी उभ्या असताना त्या म्हणाल्या, की डाव्या डोळ्यापुढे तांबडा पडदा आलाय. मुलांनी धावत जाऊन मुख्याध्यापकांना बोलावलं. साताऱ्यात रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स सहा हजार होत्या. पुण्याला नेईपर्यंत दोन हजार.

पंचवीस हजारांवर सहा वर्षं चालत-बोलत असलेली बाई दोन हजारांवर आली होती.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात डॉ. तस्नीम इनामदार नावाच्या रक्तविकारतज्ज्ञ त्यांच्यावर उपचार करत होत्या. त्यांनी स्टेरॉइड वाढवलं, प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवल्या. चढवलेल्या पिशव्या दिवसभरात विरून जात होत्या. आठव्या दिवशी मगजाची तपासणी केली. लाटकरांनी फोनवर मला तो रिपोर्ट वाचून दाखवला. पूर्वी सुलभाताईंच्या मगजात प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी भरपूर असायच्या. बनवायच्या आणि शरीर मारून टाकायचं. आता त्या पेशीच जवळजवळ दिसत नव्हत्या. बनणंच थांबलं होतं.

मी फोन ठेवला. एकच गोष्ट असं करू शकत होती, आमचं इंजेक्शन.

मी लाटकरांना सुलभाताईंच्या रक्ताची एक नळी आणायला सांगितली. तपासणीतून उरलेली मिळाली. आमच्याकडे काही पेशी अशा होत्या, की त्यांना एकशे सतरा मिळालं तरच त्या जगत, नाहीतर मरत. मी तीन बशा मांडल्या. पहिलीत पेशी आणि एकशे सतरा. दुसरीत त्यातच माझ्या स्वतःच्या रक्ताचं पाणी, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव, घातलं. तिसरीत सुलभाताईंच्या.

दोन दिवसांनी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पहिल्या बशीत पेशी गच्च भरल्या होत्या. दुसरीतही. तिसऱ्या बशीत एकही जिवंत नव्हती.

मी दिलेलं प्रथिन माणसाचंच होतं, पण अगदी हुबेहूब नव्हतं. बॅक्टेरियानं बनवलेलं, कुठेतरी एखादी घडी वेगळी पडलेलं. सुलभाताईंच्या शरीरानं ते परकं म्हणून ओळखलं आणि त्याच्याविरुद्ध हत्यारं घडवली. ती हत्यारं माझ्या प्रथिनावर तुटून पडलीच, पण त्यांच्या शरीरात जन्मापासून असलेलं, अगदी तसंच दिसणारं त्यांचं स्वतःचं प्रथिनही त्यांनी सोडलं नाही. मगजाला निरोप द्यायला आता कुणी उरलंच नव्हतं. आणि प्रत्येक खेपेनं आम्ही ती हत्यारं आणखी धारदार केली होती.

मी पहिल्या बसनं पुण्याला गेले. लाटकर इस्पितळाच्या जिन्यावर बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मी त्यांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग आता काय द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आता डॉक्टरांना सांगायचं."

"नको."

"लाटकर, त्यांना माहीतच नाही आपण काय दिलंय. त्या भलत्याच रोगाशी झगडतायत."

"मॅडम, पाया पडतो तुमच्या. मला आत टाकतील. तिच्याजवळ कोण बसणार मग? तिला कोण आहे?" ते खरंच वाकले. मी मागे सरकले. जिन्यावरून जाणारी एक नर्स थबकून बघायला लागली. "दोन दिवस थांबा. चढेल आकडा. पहिल्यांदा नाही का चढला?"

मी त्यांना ओलांडून वॉर्डात गेले. खरं सांगायचं तर डॉक्टरांकडेच जायचं होतं, पण पाय सुलभाताईंच्या खाटेकडे वळले.

त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. अंगभर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके. ओठांच्या कोपऱ्यात वाळलेलं रक्त. मला बघून त्यांनी हात उचलला.

"आलीस? बस. अगं, जरा तू तरी विचार ना डॉक्टरांना."

"काय विचारू, ताई?"

"ते इंजेक्शन का बंद केलं ते. इतकं छान लागू पडलं होतं. यांनी सांगितलं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी मुंबईहून खास मागवून दिलंय. आणि इथं आल्यापासून बघते, दुसरंच सगळं देतायत. या डॉक्टर बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, कुठलं इंजेक्शन?"

मी त्यांच्या खाटेची कड घट्ट धरली.

ती तयार आहे, असं लाटकर म्हणाले होते. सहा महिन्यांत चोवीस-पंचवीस रविवार मी त्या घरात नाश्ता केला होता. एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. आणि कळलं असतं तर थांबावं लागलं असतं.

"विचारते," मी म्हटलं आणि उठले.

डॉ. इनामदार पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, केसांत भरपूर पांढरं असलेल्या. त्यांच्या खोलीत उभं राहून मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, पण मी बसले नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बारा दिवस मी तिला रोज विचारतेय, बाहेरचं काही घेतलं होतंस का. ती रोज म्हणते, डॉक्टरांनीच दिलेलं इंजेक्शन. मला वाटलं, जुन्या स्टेरॉइडबद्दल बोलतेय." मग त्यांनी हात पुढे केला. "किती दिलं, कधी दिलं, काही टिपून ठेवलंय?"

टिपून ठेवलं होतं. मी पर्समधून वही काढली.

या वहीबद्दल मी लाटकरांना कधी सांगितलं नव्हतं. निळ्या पुठ्ठ्याची, आलेखाच्या कागदाची वही. पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद तिच्यात होती. तारीख, खेप, प्रमाण, प्लेटलेट्स. लाटकर येऊन आकडा सांगायचे, की मी एक ठिपका टाकायची आणि रेघ पुढे न्यायची. वाढता आलेख हिरव्या शाईत. कमी व्हायला लागला तशी मी शाई बदलली होती. शेवटच्या पानांवर इंग्रजीत, एखाद्या शोधनिबंधाची सुरुवात असावी तसे चार परिच्छेद खरडलेले होते.

डॉक्टरांनी पानं सावकाश उलटली. पहिल्या पानावर परत आल्या.

"इथं लिहिलंय, सब्जेक्ट वन. हे कोण?"

मी वॉर्डाकडे बोट केलं.

"तिचं नाव या वहीत कुठंच नाहीये," त्या म्हणाल्या.

मला शरम वाटली होती, लाटकरांचं देणं लागते असं वाटलं होतं, दया आली होती, ते सगळं खरं होतं. पण एकशे सतरा माणसात चालतं का, हे मला बघायचं होतं. बशीत रोज बघत होते, माणसात कधी बघायला मिळणार नव्हतं. लाटकर दुसऱ्यांदा माझ्या विभागात आले, तेव्हा नाही म्हणायच्या आधी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच. ती आजवर मी कुणाजवळ बोलले नव्हते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार बदलले. हत्यारं घडवणाऱ्या पेशीच दडपून टाकणारी औषधं सुरू केली. आणि संध्याकाळच्या आत, लाटकरांना बाजूला बसवून, त्यांनी सुलभाताईंना सगळं सांगितलं. रोग्याला कळलंच पाहिजे, असं म्हणाल्या. मला वॉर्डाबाहेर थांबायला सांगितलं होतं. आतून रडण्याचा आवाज आला तो लाटकरांचा होता.

थोड्या वेळानं नर्सनं मला आत बोलावलं.

सुलभाताई उशीला टेकून बसल्या होत्या. वही त्यांच्या मांडीवर होती. उजव्या डोळ्यानं, मान थोडी तिरकी करून, त्या आलेख बघत होत्या.

"रेघ छान काढलीत," त्या म्हणाल्या. "हात स्थिर आहे तुमचा."

त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलेलं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, मी..."

"यांचं मला कळतं. हे घाबरले होते. घाबरलेला माणूस काहीही करतो. सहा वर्षं हे झोपेतसुद्धा माझा श्वास मोजत होते." त्या थांबल्या, ओठ पुसले, रुमालावर डाग पडला तो पाहिला. "तुम्ही कशाला घाबरला होतात?"

लाटकर गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. खिडकीबाहेर कुणीतरी रुग्णवाहिका मागे घेत होतं, तिचा पींपीं असा आवाज येत होता. सुलभाताईंनी पुरेसा वेळ वाट पाहिली. मग वही मिटून माझ्यासमोर धरली.

"एकदा विचारायचं होतंत. मी कदाचित हो म्हटलं असतं."

त्यानंतर त्यांनी मला भेटू दिलं नाही. डावा डोळा गेलाच. मगज थोडा सावरला, आकडा पाच-सात हजारांवर येऊन थांबला, आणि दर आठवड्याला प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवून घेण्यावर त्यांचं आयुष्य चालू लागलं. शाळा सुटली. पोलिसांत तक्रार द्यायला त्यांनी साफ नकार दिला. डॉ. इनामदारांनी कंपनीला आणि औषध खात्याला कळवलं. चौकशी झाली. मी काहीही लपवलं नाही. लाटकरांना आणि मला कामावरून काढलं आणि पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत मी पाऊल टाकलं नाही. डॉक्टरांनी वही मागून घेऊन तिची प्रत ठेवली आणि मूळ वही मला परत केली. मी ती नको म्हणत होते. "ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमची आहे."

मी नांदेडला, माझ्या गावी परत आले आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. चौदा महिने गेले. एका दुपारी तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, साताऱ्याहून फोन आहे." मी रिसीव्हर कानाला लावला.

"लाटकर?" मी विचारलं.

"सकाळी गेली," ते म्हणाले. "मेंदूत रक्त झालं. अंघोळ करून केस विंचरत बसली होती." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, खेप रवाना झाल्याचं कळवायचे तसा. "काल दोन हजार चारशे होत्या. तुमच्या वहीत लिहून घ्या."

फोन बंद झाला.

घरी आल्यावर मी कपाटाच्या तळातून वही काढली. आलेखाच्या शेवटच्या ठिपक्यापुढे खूप जागा मोकळी होती. मी तारीख घातली, आकडा घातला. मग पहिलं पान उघडून तिथले दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, सुलभा दिगंबर लाटकर, वय एकोणचाळीस, चित्रकला शिक्षिका. हात इतका थरथरत होता की अक्षर माझं मलाच ओळखू येईना.